महाद्वार रोडवर गाड्या आणि खासबागात शांतता: हे उलटं करायला हवं

मंगळवारपेठकर:

गेल्या रविवारी कोल्हापुरात आईला घेऊन महाद्वार रोडनं बिनखांबी गणेश मंदिरापासून पापाची तिकटीपर्यंत चालत गेलो. अंतर किती, तर बोलत बोलत संपेल एवढं. आम्हाला पाऊण तास लागला. एका बाजूला दुचाकींची रांग, दुसऱ्या बाजूला रस्ता चुकून आत घुसलेली पर्यटकांची गाडी, तिला मागे घ्यायला जागा नाही, आणि सगळ्यांच्या हॉर्नमध्ये आई माझा दंड धरून उभी. ती याच रस्त्यावर माहेरपणाला येऊन बांगड्या भरायची. म्हणाली, "आता नको बाबा मला इथं आणू." हे वाक्य मला चार दिवस झोपू देत नाहीये.

परत येताना मिरजकर तिकटीवरून खासबाग कुस्ती मैदानापाशी थांबलो. बाहेर भेळेवर गर्दी, आत मैदानात चिटपाखरू नाही. नातेवाईकांचा एक कॉलेजातला मुलगा सोबत होता. त्यानं विचारलं, "काका, हे पार्किंगला का देत नाहीत?" कोल्हापुरातलं पोर हे विचारतं, यात त्याची चूक नाही. त्यानं तिथं कधी कुस्ती बघितलेलीच नाही.

म्हणून हा धागा. माझी मागणी दोन भागांत आहे, पण ती एकच आहे.

एक, बिनखांबी ते पापाची तिकटी हा पट्टा शनिवार-रविवार सकाळपासून रात्रीपर्यंत गाड्यांना बंद करा. नवरात्रात आणि दिवाळीच्या खरेदीत आपण तो बंद करतोच. गणपती विसर्जनाला मिरजकर तिकटी, बिनखांबी, महाद्वार, पापाची तिकटी, गंगावेश आणि पंचगंगा या वाटेनं अख्खं शहर पायी जातं, तेव्हा कुणाचं काही अडत नाही.

दोन, त्यातल्या महिन्याच्या एका रविवारी खासबागात कुस्त्यांचं मैदान भरवा. मोठ्या इनामाचं नको, पन्नास-साठ जोडांचं साधं मैदान. तिकीट वडापावाच्या किमतीचं.

शाहू महाराज 1902 साली बादशहाच्या राज्याभिषेकासाठी विलायतेला गेले. त्या दौऱ्यात त्यांनी रोमचं जुनं गोल क्रीडागार बघितलं आणि परत येऊन तसं आपल्याकडे उभं केलं. 1912 ला खासबाग सुरू झालं तेव्हा गामा पैलवानाचा भाऊ इमामबक्ष लढला होता. महाराजांकडे जागेला काय तोटा होता? माळावर कुठेही बांधता आलं असतं. त्यांनी ते भवानी मंडपापासून हाकेच्या अंतरावर, पेठांच्या मधोमध बांधलं. शेजारी नाटकाचं थिएटर. अंबाबाईच्या दर्शनाला आलेला माणूस, बाजाराला आलेला माणूस आणि कुस्तीला आलेला माणूस एकच, हे त्यांनी ओळखलं होतं. म्हणून रस्ता आणि मैदान यांचा विचार वेगवेगळा करू नका, एवढंच माझं म्हणणं आहे.

दुकानदार_महाद्वार:

दादा, आईंचं वाचून वाईट वाटलं. पण तुमच्या मागणीला माझा ठाम विरोध आहे, आणि का ते सविस्तर सांगतो.

माझं कापडाचं दुकान आजोबांनी टाकलं. शनिवार-रविवार हे आमचे कमाईचे दिवस, बाकीचे पाच दिवस भाडं आणि पगार काढायचे. लग्नाचा बस्ता बांधायला गारगोटी, कागल, शाहूवाडीकडून माणसं येतात ती दहा-बारा जण एका गाडीतून येतात. सोबत म्हातारी आजी असते, तान्हं पोर असतं, आणि परत जाताना चार-पाच मोठी गाठोडी असतात. त्यांना बिंदू चौकात गाडी लावून चालत या म्हटलं की ते गाडी हायवेकडच्या मोठ्या दुकानाकडे वळवतात. तिथं पार्किंग फुकट, वर चहा. एकदा वळलेलं गिऱ्हाईक परत पेठेत येत नाही, हे मी डोळ्यांनी बघतोय.

दिवाळीत बंद चालतं, कारण दिवाळीत गिऱ्हाईक येणारच असतं. तो नियम पावसाळ्यातल्या रविवारला लावू नका. आणि रस्ता गाड्यांना बंद झाला की तो माणसांना मिळत नाही, तो दोन तासांत गाड्या-पथाऱ्यांनी भरतो. फेरीवाल्यांशी माझं वैर नाही, त्यांचंही पोट आहे. पण माझ्या पायरीसमोर पथारी लागली तर माझ्या दुकानात शिरायचं कुठून?

खासबागाबद्दल मात्र मान्य. मैदान भरलं पाहिजे.

वस्ताद_करवीर:

मी तालमीत पोरं तयार करतो. वीस वर्षं झाली. रस्त्याचं तुम्ही बघा, मी मैदानाचं बोलतो, आणि ते ऐकून काही जण नाराज होतील.

खासबागाच्या मातीत मी स्वतः लढलोय. मधल्या मातीच्या हौदात, म्हणजे आखाड्यात, उतरलं की वरपासून खालपर्यंत माणसांची भिंत दिसते. उतारच असा काढलाय की शेवटच्या ओळीतल्या माणसालाही पैलवानाचा पाय कुठं पडला ते दिसतं. मधे एक खांब नाही. हलगी घुमायला लागली की छातीत आवाज येतो. हे सगळं खरं आहे आणि मरेपर्यंत विसरणार नाही.

पण आज माझ्याकडे जो सोळा वर्षांचा पोरगा आहे, त्याला गादीवर, म्हणजे मॅटवर, लढायचंय. ऑलिम्पिक गादीवर होतं. महाराष्ट्र केसरीतही माती विभाग आणि गादी विभाग वेगळे असतात. गादीवर तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या, प्रत्येक गुणाचा हिशोब. मातीत निकाली कुस्ती, म्हणजे समोरच्याची पाठ लागेपर्यंत. मातीत वाढलेलं पोर दम धरायला शिकतं, पकड शिकतं, पण वेग कमी पडतो. गादीवर उतरलं की पहिल्या मिनिटाला दोन गुण देऊन बसतं.

खाशाबा जाधवांनी 1952 ला हेलसिंकीत कांस्य आणलं. शिकायला ते इथंच राजाराम कॉलेजात होते. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक पदक. त्यानंतर कोल्हापूरच्या कुस्तीकडे किती ऑलिम्पिक पदकं आली? एकही नाही. महाराष्ट्र केसरीची गदासुद्धा 2022 ला पृथ्वीराज पाटीलनं आणली तेव्हा 21 वर्षांनी जिल्ह्यात आली. हरियाणाची पोरं आपल्यापुढं गेली ती गादीवर दिवसरात्र राबून.

पैसा एकच आहे. तो महिन्याच्या मैदानाला घालायचा की शहराबाहेर मोकळ्या जागेत चार गाद्यांचा हॉल, वसतिगृह आणि पोरांच्या दुखापती बघणारा माणूस यांना घालायचा? मी दुसरं म्हणेन. आणि अजून एक. पावसाळ्यात उघड्या मैदानात कुस्ती होत नाही. जूनपासून पुढं हौद झाकून ठेवावा लागतो, नंतर माती उकरायची, चाळायची, ताक-तेल-हळद-लिंबू घालून मळायची. बारा महिने मैदान हे बोलायला सोपं आहे.

मंगळवारपेठकर:

वस्ताद, पावसाळ्याचं तुमचं बरोबर. मी 'महिन्याला' लिहिताना विचार केला नव्हता. दिवाळी ते अक्षय्य तृतीया म्हणू या, नाहीतरी जत्रांचा हंगाम तोच. पण हॉल बाहेर आणि मैदान इथं, असं दोन्ही का नको? पोरं गादीवर घडू देत, पण ती लढताना शहरानं कधी बघायची? बघणारा संपला की इनाम देणाराही संपतो.

पेठेतली_लेक:

मला या चर्चेत एक गोष्ट खटकली. मागणीत, विरोधात, आठवणीत सगळीकडे फक्त पुरुष बसलेत.

माझं बालपण खासबागापासून दोन गल्ल्या पलीकडे गेलं. रविवारी हलगी घरात ऐकू यायची. वडील आणि भाऊ जायचे, येताना कागदात शेंगा आणायचे, आणि कुणी कुणाला घिस्सा लावला ते जेवताना दाखवायचे. एकदा भावानं ताटावरच ढाक लावून दाखवला आणि आमटी सांडली. मी त्या मैदानात पहिल्यांदा गेले ती लग्नानंतर, पाहुण्यांना दाखवायला. आत काही नव्हतं. कठड्यावर बसले तर दगड तापलेला, तांबडी माती तशीच, आणि मला रडू आलं. एवढ्या जवळ असून माझं कधी नव्हतंच ते.

आता मुली कुस्ती खेळतात, तालमीत जातात, पदकं आणतात. मैदान सुरू करायचंच तर पहिल्या दिवसापासून मुलींच्या जोडा लावा, आणि बायकांना बसायला, जायला नीट सोय करा. स्वच्छतागृहाशिवाय कुठलीही बाई लेकीला घेऊन चार तास बसणार नाही. तेवढं केलं तर महाद्वार रोडवर खरेदीला आलेली बाई पुढं खासबागात येईल. नाहीतर पुन्हा तेच, भाऊ जाणार आणि शेंगा घरी येणार.

रस्ता बंद करण्याला माझा पाठिंबा आहे. पोराला कडेवर घेऊन त्या रस्त्यानं चालून बघा, मग कळेल.

सध्या_पुण्यात:

पुण्याचं सांगतो, कारण दोन्ही गोष्टी इथं घडल्यात.

रस्त्याचं आधी. 2021 पासून 11 डिसेंबरला लक्ष्मी रोडचा एक पट्टा गाड्यांना बंद ठेवून पादचारी दिन करतात. आधी व्यापाऱ्यांचा सूर दुकानदार भाऊंसारखाच होता. त्या दिवशी तिथं गेलो तर लोक रस्त्याच्या मधून चालत होते, पोरं खेळत होती, बाकांवर म्हातारी माणसं बसली होती. पण तो वर्षातला एक दिवस, उत्सवासारखा. दुसऱ्या दिवशी लक्ष्मी रोड पुन्हा होता तसा. त्यातून धंदा वाढतो की घटतो ते ठरवता येत नाही. म्हणून कोल्हापुरात करायचं तर सलग तीन महिने तरी करा.

आता मैदान. स्वारगेटजवळच्या नेहरू स्टेडियमवर 1996 च्या विश्वचषकात केनियानं वेस्ट इंडीजला हरवलं होतं. मी शाळेत होतो, काका बघून आले होते, सायकलवरून. आता मोठे सामने गहुंज्याला, एक्स्प्रेस वेच्या कडेला होतात. स्टेडियम देखणं आहे, दिसतंही छान. पण तिथं सायकलवरून कुणी जात नाही. तिकीट, गाडी, पार्किंग, अर्धी रात्र परतीत. नागपूरकरांनाही विचारा, सिव्हिल लाइन्सचं मैदान जाऊन 2008 ला शहराबाहेर जामठ्याचं स्टेडियम आलं तेव्हा काय झालं. खेळाडूंची सोय झाली, पण सहज म्हणून डोकावणारा माणूस तुटला.

वस्ताद, सरावाचा हॉल बाहेर न्यायला माझी हरकत नाही. लढत मात्र गावातून उठवू नका. एकदा उठली की परत आणता येत नाही.

दुकानदार_महाद्वार:

पुणेकर भाऊ, तीन महिन्यांची चाचणी तुम्हाला सोपी वाटते. त्या तीन महिन्यांत माझा लग्नाचा हंगाम बसला तर? नुकसान चाचणीचं नसतं, माझ्या कामगारांच्या पगाराचं असतं. सहा जण आहेत माझ्याकडे.

पण ताईंचं म्हणणं डोक्यात राहिलंय. माझी गिऱ्हाइकं म्हणजे बायकाच. त्या दुकानात आल्या की पहिलं वाक्य असतं, "पाणी द्या हो, काय गर्दी आहे." मग अर्धी खरेदी करून निघतात, कारण बाहेर नवरा गाडीत बसून फोनवर फोन करत असतो. हेही मी रोज बघतो.

तर माझी बाजू अशी. दोन्ही दिवस नको, फक्त रविवार. तोही दुपारी चारनंतर. सकाळी बस्त्याच्या गाड्या येऊन जाऊ देत. दोन्ही टोकांना लहान बॅटरी रिक्षा ठेवा, म्हाताऱ्या माणसांना आणि गाठोड्यांना. आणि पथाऱ्यांना आखलेल्या जागा द्या, पायऱ्या मोकळ्या ठेवा. हे आधी करून दाखवा, मग मी व्यापाऱ्यांच्या बैठकीत तुमच्या बाजूनं बोलेन. आधी रस्ता बंद आणि सोयी नंतर, असं झालं तर दुकानासमोर मी स्वतः उभा राहीन.

मंगळवारपेठकर:

चारनंतरचं मला पटतं. कुस्तीही उन्हं उतरल्यावरच लागते. बॅटरी रिक्षा आधी हवी हे आईसाठी मलाच सुचायला हवं होतं.

एक गोष्ट मात्र सगळ्यांपुढे ठेवतो. 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री खासबागाला लागून असलेलं केशवराव भोसले नाट्यगृह जळालं. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. त्या रात्री मी तिथं होतो. पेठेतली माणसं रस्त्यावर उभी राहून रडत होती. त्यातल्या कितीतरी जणांनी गेल्या दहा वर्षांत तिथं नाटक बघितलं नव्हतं, मीही त्यातलाच. जळाल्यावर सगळे धावलो. खासबागाबाबतीत मला तसं धावायचं नाही.

वस्ताद_करवीर:

ते जळताना मीही बघितलंय. शेजारीच आमचा हौद.

माझा मुद्दा मी सोडत नाही. हॉल आणि गाद्या आधी. त्यासाठी भांडायला तुम्ही सगळे येणार असाल तर मीही येतो तुमच्याबरोबर.

मैदानाचं म्हणाल तर मोठ्या इनामाच्या नादाला लागू नका. मोठ्या जोडीला लाखो रुपये जातात, ती दोन मिनिटांत सुटते किंवा बरोबरीत सोडवतात आणि लोक चिडून जातात. लहान पोरांच्या कुस्त्या लावा. ती जीव तोडून लढतात. गंगावेश, मोतीबाग, शाहूपुरी, सगळ्या तालमींची पोरं मिळून साठ जोडा मी आठ दिवसांत लावून देतो. ताई म्हणतात तशा मुलींच्या दहा जोडाही होतील, माझ्याच ओळखीच्या तिघी तयार आहेत.

आणि कुस्ती संपल्यावर पोरांना तसंच महाद्वार रोडनं चालत गंगावेशीपर्यंत जाऊ द्या. अंगावर माती, खांद्यावर टॉवेल. पूर्वी आम्ही असेच जायचो. दूधकट्ट्यावर म्हशीचं धारोष्ण दूध प्यायचो, दुकानदार गल्ल्यावरून उठून विचारायचे, "काय पैलवान, मारली का?"

दुकानदार_महाद्वार:

आमचे आजोबा विचारायचे. आणि पोरगं जिंकलेलं असलं तर फेट्याचं कापड फुकट द्यायचे, हे दुकानातली जुनी माणसं अजून सांगतात.

तारीख ठरवताना लग्नाचा मुहूर्त तेवढा टाळा. फेटे मी देतो.