अनुभव धागा: आश्विन-कार्तिकात घरचे सगळे मिळून काय करता?

पाऊस गेला, सहामाही संपत आली. नवरात्रापासून तुळशीच्या लग्नापर्यंत घरात लहानथोर सगळ्यांचे हात लागतात असं तुमच्याकडे काय होतं? ठाणे-नवी मुंबईकरांनो, लिहा. रिसॉर्टची यादी नको, ती कुठेही मिळते.

नेरुळ
आमच्याकडे किल्ला. सोसायटीत सगळीकडे पेव्हर ब्लॉक, माती कुठली असणार? नर्सरीतून लाल माती आणतो. खाली विटा आणि जुनी पोती रचायची, वर चिखल लिंपायचा. लेकाला राजगडच हवा असतो, म्हणजे तीन माच्या आल्या. पद्मावती, सुवेळा जमून जातात. संजीवनीच्या दुहेरी तटबंदीपाशी मात्र मोठी माणसंच भांडायला लागतात, आणि सासरे "मी चढलोय तिथे" एवढ्यावर जिंकतात. अळीव वसुबारसेच्या चार-पाच दिवस आधी पेरा, म्हणजे लक्ष्मीपूजनाला डोंगर हिरवागार दिसतो. पाणी शिंपडायचं, ओतायचं नाही, नाहीतर माची खाली येते. एका मावळ्याचा हात तुटलाय. तो टाकायला कोणी तयार नाही, म्हणून दरवर्षी त्याची नेमणूक तोफेमागे, म्हणजे हात दिसत नाही.

खारघर
भोंडला! पाटावर हत्ती काढायचा, भोवती फेर धरायचा. निम्म्या ओळी सासूबाईंनाच येतात, आम्ही शेवटच्या शब्दावर जोरात. खरी गंमत खिरापत ओळखण्यात. डबा हलवून आवाज ऐकतात, वास घेतात, पोरं तर "गोड की तिखट?" म्हणून पिच्छा पुरवतात. शेजारच्या गुजराती काकू एकदा हांडवो घेऊन आल्या, कुणालाच ओळखता आला नाही. रात्री त्याच पोडियमवर गरबा, तिथे आमची फजिती.

घोडबंदर रोड
आम्ही ओवळेकर वाडीत फुलपाखरं बघायला जातो, रविवारी सकाळी. ऊन जरा वर आलं की ती पंख उघडून बसतात. मुलीला नीलवंत दिसला, ब्लू मॉर्मन. 2015 पासून हे आपलं राज्य फुलपाखरू आहे. त्याच्या अळ्या लिंबाच्या जातीच्या झाडांवर वाढतात हे कळल्यापासून गॅलरीतल्या लिंबाच्या कुंडीवर कोणी औषध मारू देत नाही. पानं कुरतडलेली, आई वैतागलेली, पण बाईसाहेब ऐकतील तर शपथ.

कळवा
कसला शरद ऋतू हो, ऑक्टोबर हीटमध्ये दुपारी पंख्याखालून हलवत नाही. आमचं जे काय ते रात्री जेवणं झाल्यावर. बाबा बांबूच्या काड्या तासतात, मी षटकोन बांधते, मुलं जिलेटीन चिकटवतात. खळ मैद्याची आणि त्यात चिमूटभर मोरचूद, म्हणजे किडे लागत नाहीत. ते विषारी, त्यामुळे ते काम फक्त बाबांचं. झिरमिळ्या कापताना घरभर कागद. जांभळी नाक्याला तयार कंदील मिळतात, माहितीये. तरीही.

वाशी
कोजागरीला गच्चीवर मसाला दूध. चंद्र समोरच्या टॉवरमागून उशिरा येतो, तोवर दूध आटून बासुंदी झालेली असते. तक्रार नाही.

पाचपाखाडी
दिवाळीच्या सुट्टीत मुलांना फ्लेमिंगो दाखवायचे आहेत. ऐरोलीच्या बोटीतून दिसतील का?

ऐरोली
दिवाळी लवकर आली तर कठीण. थवे साधारण नोव्हेंबर संपताना यायला लागतात, खरी गर्दी त्यानंतर. बोट भरती-ओहोटी बघून सुटते, त्यामुळे वेळ आधी विचारून घ्या. तोवर खारफुटीतली पायवाट करा, चिखलातले खेकडे आणि निवट्या बघायला पोरं हलत नाहीत. दुर्बीण न्या. आजोबांना टोपी.

पाचपाखाडी
बरं झालं विचारलं. आणि नेरुळच्या ताई, कुंडीतली जुनी माती किल्ल्याला चालेल का?

नेरुळ
चालते, चाळून घ्या फक्त. मुळं राहिली की लिंपण तडकतं.