मदत हवी आहे: पिकअपमधल्या घोडीवर केबिनमधून लक्ष कसं ठेवायचं? (बजेट पाच हजार)

नमस्कार मंडळी,

मी नाशिकजवळच्या मखमलाबादचा. थोडी द्राक्षं आणि दोन घोड्या. मोठी कुमैत (लालसर तपकिरी, काळ्या आयाळीची) मारवाडी, येवल्याच्या बाजारातून आणलेली. दुसरी तिचीच अडीच वर्षांची पोर. मोठीला दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या यात्रेला न्यायचंय. विकायला नाही, चाल दाखवायला. नाशिकहून चांदवड, मालेगाव, धुळे, दोंडाईचा करत सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटर पडतं. घोडं मागे असलं की सात तास धरायचे.

गेल्या वर्षीचं सांगतो, म्हणजे प्रश्न कळेल. भाड्याची पिकअप होती. राहूड घाट उतरताना पुढच्या कंटेनरनं ब्रेक मारला, आमच्यानंही मारला आणि मागे धाड् आवाज झाला. ड्रायव्हर म्हणाला, खड्डा असेल. मलाही तेच वाटून घ्यायचं होतं. मालेगावच्या अलीकडे चहाला थांबलो, मागचा फाळका उघडला तर घोडीचा पुढचा डावा पाय छातीपुढच्या आडव्या पाइपवरून पलीकडे गेलेला. अर्धा-पाऊण तास ती तीन पायांवर उभी होती. गुडघ्याखालचं कातडं सोललेलं, आणि अंगाला घाम असा की खरारा करायला हात लावला तर तळहातातून पाणी ओघळलं. जखम महिन्यात भरली. पण आता गाडी दिसली की ती चारही पाय रोवते.

आमचे नाना म्हणतात, "आम्ही घोड्यावर बसून जात होतो, घोड्याला बसवून नेत नव्हतो." ते ऐकून घेतो, पण सारंगखेड्यापर्यंत रपेट करत जाणं काही होणार नाही.

तर प्रश्न: मागे काय चाललंय ते केबिनमध्ये दिसलं पाहिजे. एका दुकानात चौदा हजारांचा सेट सांगितला, चार कॅमेरे आणि रेकॉर्डर. मला चार कशाला? घरात दोन जुने मोबाईल पडून आहेत, त्यावर भागेल का? घाटात रेंज जाते, तेव्हा काय? आणि दिसलं तरी नेमकं काय बघायचं? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

*

वायरमन_सिडको:
रेंजची काळजी सोडा, इंटरनेट लागतच नाही. जुन्या अँड्रॉइडवर आयपी वेबकॅम नावाचं अॅप टाका. केबिनमधल्या मोबाईलचा हॉटस्पॉट चालू करून जुना त्याला जोडा. अॅप एक पत्ता दाखवतं, शेवटी ८०८० असलेला, तो केबिनमधल्या ब्राउझरमध्ये टाकला की चित्र सुरू. सगळं दोन मोबाईलच्या आपापसात चालतं, मध्ये टॉवर नाही. २०००० एमएएचची पॉवर बँक लावली तर पुरून उरेल.

पण खरं सांगू? एकदा चालवून बघायला हे ठीक. जुना मोबाईल दुपारी ताडपत्रीखाली तापतो आणि बंद पडतो, आणि अंधारात त्याला काही दिसत नाही. त्यापेक्षा वायरवाला रिव्हर्स कॅमेरा घ्या, रात्रीचे दिवे असलेला, सोबत सात इंची स्क्रीन. तुमच्या बजेटच्या निम्म्यात बसेल. बिनवायरचा घेऊ नका, लोखंडी बॉडीत चित्र फुटतं. पिकअपची बॅटरी बारा व्होल्टची असते, मोठ्या ट्रकची चोवीस. दुकानात गाडी सांगूनच घ्या. वायर प्लॅस्टिकच्या पाइपातून न्या आणि फ्यूज विसरू नका. गवत, ताडपत्री आणि उघडी वायर एकत्र नको.

स्क्रीन ड्रायव्हरसमोर लावू नका हो. क्लीनर सीटवर जो बसेल त्याच्यापुढे. ड्रायव्हरनं रस्ताच बघायचा.

भुरटा_स्वार:
एवढा खटाटोप कशाला, एक पोरगा मागे बसवा घोडीजवळ. आमच्याकडे वर्षानुवर्षं तसंच चालतं.

तोबरा:
@भुरटा_स्वार, कृपा करून असा सल्ला देऊ नका. चारशे किलोचं जनावर ब्रेकला बाजूला झुकलं की मधला माणूस जाळीला चेपतो. घाबरलेल्या घोड्याला माया असली तरी भान नसतं.

धागाकर्ते, आता तुमचं. कॅमेरा कुठे लावताय त्यावर सगळं आहे. बहुतेक लोक मागे फाळक्याजवळ लावतात, मग सात तास शेपटी बघत बसतात. केबिनच्या पाठीमागच्या कोपऱ्यात, उंचावर, तोंड मागे आणि खाली करून लावा. डोकं, छाती, तो आडवा पाइप आणि पुढचे दोन्ही पाय एका चित्रात आले पाहिजेत. भोवती छोटी जाळी करा, नाहीतर पहिल्या तासात चाटून काच धूसर करेल.

काय बघायचं? कान आणि पाय. कान इकडेतिकडे फिरताहेत, मधूनच गवत ओढतेय, म्हणजे बरं चाललंय. कान मागे चिकटलेले, डोकं वर ताठ, नाकपुड्या फुललेल्या आणि गवताला तोंड नाही, तर गाडी सावकाश करा. पाय आपटणं, वळून कुशीकडे बघणं, बसायला बघणं हे पोटशूळाचं लक्षण असू शकतं, तिथं लगेच बाजूला घ्या.

बांधायचं कसं तेही सांगतो, कारण गेल्या वर्षीचा घोळ मला बांधण्यातलाच वाटतो. दोर लांब असला तर पाय अडकतो, आणि आखूड व उंच बांधला तर डोकं खाली जात नाही. डोकं खाली गेलं नाही तर नाक-घशातला चिकटा बाहेर पडत नाही, फुफ्फुसाला त्रास होतो. म्हणून तोंड छातीच्या खालपर्यंत जाईल इतकाच दोर, आणि मोरखी (तोंडावरचा पट्टा) ते दोर यांच्यामध्ये सुतळीचं एक कडं. जोराचा हिसका बसला तर सुतळी तुटते, मान वाचते. गवत भिजवून द्या, धूळ उडत नाही. दर तीन-चार तासांनी थांबून पाणी दाखवा, घरचंच पाणी कॅनमध्ये न्या. परक्या पाण्याला काही घोडी तोंड लावत नाहीत. निघण्याआधी चंदी (दाण्याचा खुराक) भरपूर खाऊ घालू नका.

जनावरांचा_डॉक्टर:
वरच्या प्रतिसादाला +१. आकडे लिहून ठेवा: शांत उभ्या घोड्याच्या अंगाचं तापमान साधारण ९९ ते १०१.५ फॅरनहाइट, नाडी मिनिटाला २८ ते ४४, श्वास ८ ते १६. हे घरी आधी दोन-तीन दिवस मोजा म्हणजे तुमच्या घोडीचं नेहमीचं काय ते कळेल. कॅमेऱ्यात ताप दिसत नाही. थांबलात की थर्मामीटर लावा. आणि पोचल्यावरही तीन दिवस सकाळ-संध्याकाळ मोजा, प्रवासानंतरचा फुफ्फुसाचा आजार कधी कधी उशिरा उमटतो.

प्रवासासाठी पशुवैद्यकाचा तंदुरुस्तीचा दाखला लागतो. यात्रेत शेकडो घोडे एकत्र येतात, म्हणून ग्लँडर्स या घोड्यांच्या संसर्गजन्य आजाराची रक्ततपासणीही आधीच करून घ्या. नमुना बाहेर जातो, अहवालाला दिवस लागतात, यात्रेच्या आदल्या आठवड्यात धावपळ नको. तो आजार माणसालाही होतो.

*

धागाकर्ता (अपडेट):
सर्वांचे मनापासून आभार. नाशिकच्या द्वारका चौकाजवळ वायरवाला कॅमेरा आणि स्क्रीन मिळून सत्तावीसशेला पडलं, वायर, पाइप आणि जाळी मिळून आणखी सहाशे. ओझरपर्यंत जाऊन आलो.

पहिली फजिती: स्क्रीन फक्त रिव्हर्स गिअर टाकला की लागायची, कारण दुकानदारानं वीज रिव्हर्सच्या दिव्यावरून घेतली होती. ती सॉकेटवर घेतली. दुसरी: चित्र उलटं. घोडी उजवीकडे झुकली की स्क्रीनवर डावीकडे. नाना तासभर चुकीच्या पायाबद्दल ओरडत होते. कॅमेऱ्याच्या वायरीत एक छोटा लूप असतो, आमच्या कॅमेऱ्यात तो कापल्यावर चित्र सरळ झालं. पार्किंगच्या लाल-पिवळ्या रेघा अजून घोडीच्या छातीवर दिसतात, त्या राहू दे.

आणि आता मुख्य गोष्ट. आम्हाला वाटत होतं ती ब्रेकला घाबरते. स्क्रीनवर बघितलं तर ब्रेकला ती मागचे पाय फाकवून छान तोलते. पण ताडपत्रीचा उजवा कोपरा वाऱ्यानं फटकारला की कान मागे, डोकं वर, पुढचा पाय उचललेला. दर वेळी तोच पाय, डावा. आवाजापासून लांब व्हायला बघायची आणि समोर पाइप. गाडी बाजूला घेऊन तो कोपरा दोन ठिकाणी आवळून बांधला. परतीच्या वाटेत आडगावच्या अलीकडे तिनं पहिल्यांदा गवताला तोंड लावलं. नाना काही बोलले नाहीत, नुसती स्क्रीन स्वतःकडे वळवून घेतली.

पाइपलाही आता सायकलच्या जुन्या ट्यूबा गुंडाळल्यात.

गाडीत चढवायला मात्र अजून चाळीस मिनिटं लागतात. दोन माणसं, एक बादली गूळ-चणे आणि शेजाऱ्यांचे सल्ले. त्यासाठी वेगळा धागा काढतो.