'स्क्रीम': टवाळी आहे, पण भीतीही आहे
'स्क्रीम' (१९९६) म्हणजे स्लॅशरपटांची (एकामागून एक खून पाडणाऱ्या खुन्याच्या भयपटांची) नुसती टवाळी, हे काही पटलं नाही. टवाळी आहेच, पण भीती कुठे पातळ होत नाही. सोफ्यावरचा प्रसंग आठवा. रँडी हे पात्र टीव्हीवर 'हॅलोविन' हा स्लॅशरपट बघत त्यातल्या नायिकेला ओरडून सांगतोय, "मागे बघ!" आणि खुनी त्याच्याच मागे उभा. बाहेर व्हॅनमधला कॅमेरामन छुप्या कॅमेऱ्यातून हे बघत तेच ओरडतोय, आणि त्याच्याकडे चित्र पोचतंय ३० सेकंद उशिरा! हसता हसता घशाला कोरड पडते. दिग्दर्शक वेस क्रेव्हनची खरी हुकमत इथे दिसते. शिवाय हा मुखवटेवाला खुनी धडपडतो, आपटतो, मारही खातो. म्हणजे आत माणूसच आहे, आणि ओळखीतलाच असणार. पुढच्या भागांत दुसरा चांगला, बाकीचे असो.