'बॅक टू द फ्यूचर'चं प्रेम म्हणजे नुसते उमाळे? (सडेतोड यांना उत्तर)

रीळमास्तर

शेजारच्या धाग्यावर सडेतोड यांनी काल एक पिंक टाकली. सारांश असा: 'बॅक टू द फ्यूचर' हा १९८५चा एक बरा करमणूकपट. चाहते चाळीस वर्षं त्याला डोक्यावर घेऊन नाचतात ते स्वतःच्या बालपणाचे उमाळे म्हणून. विज्ञान तकलादू, विनोद बाळबोध, आणि शेवट काय, तर पैसा आला की घर सुधारतं. तिथेच उत्तर द्यायला बसलो होतो, पण ते लांबत गेलं, म्हणून हा वेगळा धागा. न पाहिलेल्यांसाठी: मार्टी हा पोरगा डॉक या शास्त्रज्ञ मित्राच्या गाडीतून १९८५मधून १९५५ला जातो, तिथे त्याची तरुण आई लॉरेन त्याच्याच प्रेमात पडते, आणि भित्र्या बापाशी, जॉर्जशी, तिचं जुळवून त्याला परत यायचं असतं. गाडीला लागणारी वीज मिळते ती गावातल्या घड्याळाच्या मनोऱ्यावर पडणाऱ्या विजेतून, केबल जोडून.

आधी बालपणाचा मुद्दा. माझ्या मुलीच्या बालपणात हा सिनेमा कुठेच नव्हता. तिने तो कॉलेजात गेल्यावर पाहिला, तोही मी मागे लागलो म्हणून, हातात मोबाइल धरून. मनोऱ्यावर डॉकच्या हातून केबल सुटते तिथे मोबाइल बाजूला पडला आणि ती 'अरे पकड ना' म्हणून ओरडली. हिला कसले उमाळे येणार?

लोक या सिनेमाकडे परत जातात ते त्याच्या पटकथेमुळे. सुरुवातीला एक बाई 'मनोरा वाचवा' म्हणत मार्टीच्या हातात पत्रक कोंबते. असली पत्रकं आपण पुढच्या कोपऱ्यावर फेकून देतो. पण मार्टीची मैत्रीण जेनिफर त्याच कागदामागे आपल्या आजीकडचा फोन नंबर लिहून देते, त्यामुळे तो खिशात राहतो. आणि वीज मनोऱ्यावर नेमकी किती वाजता पडली ते १९५५ साली डॉकला कळतं ते त्याच कागदावरून. दहा वाजून चार मिनिटं. दिग्दर्शक झेमेकिस आणि सहलेखक बॉब गेल यांनी एवढा मोठा धागा एका प्रेमपत्रवजा चिटोऱ्यावर टांगलाय, आणि पहिल्यांदा बघताना त्याचा पत्ता लागत नाही. मॉलची पाटीही तशीच. जाताना 'ट्विन पाइन्स', परत येताना 'लोन पाइन', कारण मार्टीने १९५५ला उतरल्या उतरल्या पीबडी म्हाताऱ्याच्या दोन पाइन झाडांपैकी एक आडवं केलेलं असतं. त्याबद्दल सिनेमात कुणी अवाक्षर काढत नाही.

आणि मुळात कल्पनाच बघा. गेल यांना वडिलांचं शाळेचं जुनं वार्षिक सापडलं. वडील वर्गाचे अध्यक्ष होते हे त्यांना तेव्हा कळलं, आणि प्रश्न पडला, 'आम्ही एका वर्गात असतो तर आमची मैत्री झाली असती का?' हा प्रश्न ज्याला पडला नाही असा मुलगा मला दाखवा.

सडेतोड

माझ्या प्रतिसादाला पिंक म्हणून सुरुवात करणाऱ्याने चर्चेची अपेक्षा ठेवू नये, तरी लिहितो.

पत्रक, पाटी, झाडं, सगळं मान्य. कारागिरी आहे. पण कारागिरी कशासाठी वापरली? शेवट आठवा. मार्टी उठतो तर घरात नवं फर्निचर, भाऊ सुटाबुटात, आईवडील टेनिस खेळून आलेले, आणि गॅरेजमध्ये त्याला हवी असलेली काळी टोयोटा पिकअप. म्हणजे बापाने धीर धरला त्याचं फळ काय, तर ट्रक. जॉर्जचं काम करणारा क्रिस्पिन ग्लोव्हर यालासुद्धा हा शेवट खटकला होता आणि त्याने तसं तोंडावर बोलून दाखवलं होतं. तोही उमाळ्यांच्या विरोधकांत जमा करा.

त्याहून वाईट म्हणजे जॉर्जला छळणारा दांडगट बिफ. ज्या माणसाने लॉरेनवर गाडीत जबरदस्ती करायचा प्रयत्न केला, तोच तीस वर्षांनी त्यांच्या दारात गाडीला पॉलिश करतोय आणि कुटुंब हसतंय. तुमच्या मुलीला हे खटकलं नाही का?

आणि चक बेरीचं काय? १९५५च्या शाळेतल्या नाचात मार्टी बेरीचं 'जॉनी बी. गुड' वाजवतो आणि बँडवाला मार्व्हिन ते आपल्या चुलतभावाला, चकला, फोनवर ऐकवतो. काळ्या संगीतकाराचं श्रेय एका गोऱ्या पोराच्या खिशात घालून वर त्याचा विनोद केलाय.

अनुस्वार

सडेतोड, बिफबद्दल तुमच्याशी शंभर टक्के सहमत. तो प्रसंग मी दरवेळी पुढे पळवते.

पण 'धीराचं फळ ट्रक' हे अर्धसत्य आहे. त्याच शेवटात बिफ एक खोकं घेऊन येतो. जॉर्जची पहिली कादंबरी छापून आलेली असते. हा माणूस १९५५ला विज्ञानकथा लिहून लपवून ठेवत असतो, कुणाला दाखवत नाही, कारण लोक वाईट म्हणाले तर आपल्याला सोसवणार नाही. आणि तेच वाक्य, जवळजवळ त्याच शब्दांत, सिनेमाच्या सुरुवातीला मार्टी स्वतःच्या गाण्याच्या टेपबद्दल जेनिफरला ऐकवतो. बापाच्या तोंडी ते ऐकल्यावर मार्टी झालेल्या मायकेल जे. फॉक्सच्या चेहऱ्यावर काय येतं ते एकदा थांबवून बघा.

माझे वडील कविता करायचे, हे ते गेल्यावर आम्हाला कळलं. बँकेच्या जुन्या डायऱ्यांमध्ये, हिशोबाच्या पानांमागे, बारीक अक्षरात. एकही कुणाला दाखवलेली नाही. त्यानंतर मी हा सिनेमा पाहिला तेव्हा ते खोकं उघडताना जे रडले, त्याला तुम्ही उमाळा म्हणा नाहीतर काहीही म्हणा.

जुना मेकॅनिक

सगळे भावनेवर बोलताय, गाडीवर कुणी बोलेना. काळ ओलांडायला ताशी ८८ मैल वेग लागतो! टाइम मशीन बनवलेल्या त्या डीलोरियन गाडीच्या मूळ स्पीडोमीटरवर आकडेच ८५ पर्यंत होते, तेव्हाच्या अमेरिकन नियमामुळे. सिनेमावाल्यांनी तो बदलून घेतला. इंजिन १३० अश्वशक्तीचं. दिसायला विमान, पळायला बैल. उत्तर आयर्लंडात, बेलफास्टजवळ बनली, नऊएक हजार गाड्या निघाल्या आणि १९८२ला कंपनीने मान टाकली. म्हणजे सिनेमा आला तेव्हा गाडी आधीच भूतकाळात जमा होती. हा खरा विनोद, आणि तो कुणी कौतुकाने सांगत नाही.

आणखी एक. आधी टाइम मशीन म्हणून फ्रीज ठरला होता. पोरं बघून फ्रीजमध्ये शिरून बसतील या भीतीने रद्द केला. सडेतोड, बाळबोध म्हणता त्या लोकांनी एवढा विचार केला होता बरं.

तिरका डोळा

पैसा, ट्रक, कविता, गाड्या, सगळं ठीक. मला एक सांगा. शेवटी मार्टी काही मिनिटं आधी पोचतो, धावत मॉलवर येतो आणि तिथून स्वतःलाच १९५५ला जाताना बघतो. पाटी 'लोन पाइन' असते. म्हणजे जो गेला तो याच्यासारखा लेचापेचा बाप असलेला मार्टी नव्हे, लेखक बापाच्या घरात वाढलेला दुसराच मार्टी. त्याचं पुढे काय झालं?

आणि जो घरी झोपला त्याला या घरातली सतरा वर्षं ठाऊकच नाहीत. आईवडील ज्या मुलाला ओळखतात तो हा नव्हेच. सुखान्त म्हणता याला?

रीळमास्तर

तिरका डोळा, हा प्रश्न प्रत्येक धाग्यावर कुणीतरी टाकतंच. दुसरा मार्टी जातो, तोही तेच करतो, परत येतो. वर्तुळ पूर्ण.

तिरका डोळा

वर्तुळ कसलं पूर्ण? दुसऱ्याचा बाप आधीपासूनच धीट. तो १९५५ला जाऊन बापाला काय शिकवणार? त्याने काही वेगळं केलं तर घर तिसरंच होणार. तिसरा मार्टी, मग चौथा. थांबणार कुठे?

शून्य तास

सोपं आहे. या सिनेमात काळ एकच रेघ आहे आणि बदल हळूहळू पसरतो. म्हणून तर मार्टीजवळच्या भावंडांच्या फोटोतला भाऊ एकदम न जाता आधी डोक्यापासून पुसट होतो. आठवणीही तशाच पसरतील. दोनेक आठवड्यांत मार्टीला टेनिसचे क्लाससुद्धा आठवू लागतील.

सडेतोड

हळूहळू पसरतो! डोकं आधी, मग पाय! १९५५चा बदल भावंडांच्या वयाप्रमाणे क्रमाने पोचतो, म्हणजे काळाला जन्मदाखले तपासायचं खातं आहे वाटतं. यालाच मी तकलादू म्हणालो होतो. 'अॅव्हेंजर्स: एंडगेम'मध्ये २०१९ला याची जाहीर टिंगल झाली ती उगाच नाही.

शून्य तास

टिंगल करणाऱ्या त्या सिनेमाने स्वतः काय दिवे लावले ते आम्ही बघितलंय. फोटो हे विज्ञान नाही, ते घड्याळ आहे. प्रेक्षकाला किती वेळ उरला ते एका नजरेत कळावं म्हणून. तुम्हाला समीकरणं हवी असतील तर पाठ्यपुस्तक वाचा.

सडेतोड

पाठ्यपुस्तक मी शिकवतो. तुम्ही वाचलेलं दिसत नाही.

अनुस्वार

झालं, निघाल्या पदव्या बाहेर. शून्य तास, 'आठवणी पसरतील' हे मला मान्य नाही, आणि त्यात विज्ञानाचा संबंध नाही. माझा भाऊ लहानपणी काही वर्षं मावशीकडे होता. परत आला तेव्हा घरातले सगळे त्याला ज्या गोष्टींवरून हसायचे त्या त्याच्या वाट्याला आलेल्याच नव्हत्या. तो नुसता हसायचा. अजूनही जेवताना एखादी गोष्ट निघाली की तोच चेहरा करतो. कुठल्याही आठवणी पसरल्या नाहीत. मार्टी उरलेलं आयुष्य असाच हसत काढेल. तिरका डोळा यांचा मुद्दा मला पटतो, आणि तरी सिनेमा आवडतो. दोन्ही एकत्र जमतं.

रीळमास्तर

सडेतोड यांनी चक बेरीचा मुद्दा टाकून पळ काढलाय, त्यावर बोलू. 'जॉनी बी. गुड' १९५८चं. पण बेरीचं 'मेबेलिन' जुलै १९५५लाच आलं होतं आणि गाजलंही होतं. सिनेमातला नाच १२ नोव्हेंबरचा. तेव्हा मार्व्हिनने फोनवर 'तुला हवा होता तो नवा सूर ऐक' म्हणण्याआधीच चक त्या सुरावर नाव कमावून बसला होता. श्रेय चोरलं वगैरे काही नाही, विनोद आहे.

सडेतोड

हे तर तुम्ही माझ्याच बाजूने बोललात. ज्याचं गाणं तेव्हा रेडिओवर वाजत होतं त्याला सिनेमाने सूर शोधत बसलेला दाखवला. विनोद करायचा तर माहिती घेऊन करावा. गिटारही चुकीची आहे, ते मॉडेल १९५५ला आलेलंच नव्हतं.

जुना मेकॅनिक

गिटारीची चूक दिसते आणि आई मुलाच्या प्रेमात पडते ते चालतं? डिस्नेने याच कारणासाठी पटकथा परत पाठवली होती. बाकीचे म्हणत होते हे फारच सोवळं आहे. चाळीसहून जास्त नकार म्हणे. दोन्ही बाजूंनी शिव्या खाणारी वस्तू सहसा चांगली निघते, हा माझा गॅरेजमधला अनुभव.

सडेतोड

गॅरेजचा अनुभव समीक्षेत आणायचा असेल तर इथे लिहिण्यात अर्थ नाही.

जुना मेकॅनिक

अहो सर, आणा की वर्गाचा. कोण अडवतंय?

रीळमास्तर

दोघांनीही जरा सबुरीने. सडेतोड, एक सरळ प्रश्न. मार्टीच्या कामासाठी आधी एरिक स्टोल्ट्झला घेऊन कित्येक आठवडे चित्रण झालं होतं. नट चांगला, पण प्रसंग हसरे होईनात. सगळं बाजूला टाकून फॉक्सला घेतलं. तो दिवसा टीव्ही मालिका करायचा आणि रात्री हा सिनेमा. विनोद बाळबोध असता तर कुणीही नट चालला असता. एवढा खर्च कुणी कशाला केला असता?

सडेतोड

बरं. फॉक्स उत्तम आहे. मनोऱ्याचा प्रसंग उत्तम आहे, सिल्व्हेस्ट्रीच्या संगीतासकट. ऑस्कर ध्वनिपरिणामांच्या संकलनासाठी मिळालं, तेही योग्यच. झालं समाधान? चाहत्यांना एवढ्यावर भागत नाही हे मला ठाऊक आहे, त्यांना दंडवतच हवा असतो. तो मिळणार नाही. बिफ अजून त्या दारात गाडी पुसतोय आणि त्याचं उत्तर इथे एकानेही दिलेलं नाही.

अनुस्वार

कारण उत्तर नाहीये. मी तेच म्हणाले होते, पण तुम्ही 'सहमत'च्या पुढे वाचलंत तर ना.

शून्य तास

अवांतर: आईवडिलांना मार्टीचा चेहरा ओळखू कसा येत नाही, यावर गेल यांचं उत्तर आहे. सतरा वर्षांचे असताना आठवडाभर भेटलेला मुलगा इतक्या वर्षांनी नीट आठवत नाही. मला पटतं. माझ्या अकरावीच्या बाकावरच्या मुलाचं नावसुद्धा आठवत नाही.

तिरका डोळा

त्याने तुमचं लग्न जुळवून दिलं असतं तर आठवलं असतं. असो. माझा मूळ प्रश्न तसाच आहे. सोडून द्या आईवडील. जेनिफरचं बोला. शेवटी ती अंगणात येते आणि त्याच्या गळ्यात पडते. ती कोणत्या मार्टीची मैत्रीण? तिला घरी आणणारा, तिच्याशी भांडलेला, तो दुसराच होता ना?

जुना मेकॅनिक

पुढच्या भागात जेनिफरची नटीच बदलली. क्लॉडिया वेल्स जाऊन एलिझाबेथ शू आली, आणि तोच अंगणातला प्रसंग तिला घेऊन पुन्हा चित्रित केला. मार्टीने चकार शब्द काढला नाही. फिटंफाट समजा.