लेआऊटचा ग्रुप : खोली किरायानं घेण्याआधी

अंगणवाडी ताई: नमस्कार सगळ्याइले. माझ्या बहिणीची पोरगी आरोग्य केंद्रात सिस्टर म्हणून लागली, १ तारखेले हजर व्हायचं आहे. आपल्याच लेआऊटमध्ये खोली पाहिली पण मालक म्हणते २०,००० डिपॉझिट द्या, कागद काहून पाह्यजे, विश्वासाचं काम आहे. पोरगी एकटी राहणार आहे जी. काय काय पाहून घ्यावं ते कोणी नीट सांगा. प्लॉट ९ मध्ये किरायानं राहणाऱ्या बँकवाल्या पोराच्या डिपॉझिटचं काय झालं ते सगळ्याइले माहीत आहे.

प्लॉट ९ काका: ताई तो विषय आता काहून काढता? भिंतीले भोकं पाडले म्हणून पैसे कापले.

कृषी केंद्र भाऊ: काका कूलरच्या स्टॅण्डचे चार भोकं अन् ८,००० रुपये? तेवढ्यात नवा कूलर येते 😄

गुरुजी: भाडेकरार लेखी करून त्याची नोंदणी करावी. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम ५५. जबाबदारी घरमालकाची आहे.

मेडिकल दादा: ताई आधी घर कोणाच्या नावावर आहे ते पाहा, ग्रामपंचायतीचा नमुना ८ मागा, नाही तर पैसे एका भावाले द्याल अन् दुसरा भाऊ म्हणन घर माझं. मग मीटर. वेगळं मीटर आहे की सबमीटर, अन् सबमीटर असन तर युनिटचे किती घेणार ते आधीच विचारा, मालकाचं बिल पाहून घ्या. राहाले जाल त्या दिवशी रीडिंगचा फोटो काढून मालकाले पाठवून द्या.

प्लॉट १२ काकू: अन् पाण्याचं कोणी बोलत नाही. दुपारी खोली पाहाले जाऊ नका, सकाळी नळाच्या टायमाले जा, तेव्हाच समजते वरच्या टाकीत पाणी चढते का नाही. मे महिन्यात पारा ४५ च्या वर जाते, टिनाच्या खोलीत कूलरशिवाय पोरगी झोपू शकणार नाही, अन् कूलरले पाणी लागते. कूलरवरून आठवलं, प्लॉट ९ च्या कूलरचं पाणी आजही आमच्या दारात वाहून येते.

प्लॉट ९ काका: काकू ते बोअरच्या पाइपाचं पाणी आहे, तीनदा सांगितलं.

प्लॉट १२ काकू: बोअरच्या पाण्याले खसाचा वास येते का?

गुरुजी: कृपया विषयावर राहा. करार लेखी व नोंदणीकृत असावा. कलम ५५.

कृषी केंद्र भाऊ: गुरुजी ११ महिन्याचा केला तर नोंदणी लागत नाही म्हणते सगळे.

सेतूवाला दादा: भाऊ ते चुकीचं आहे. महाराष्ट्रात ११ महिन्याच्या करारालेही नोंदणी लागते. नोंदणी नसली अन् वाद झाला तर अटीबद्दल भाडेकरू सांगन तेच खरं धरल्या जाते, मालकाले उलट सिद्ध करा लागते, वरून मालकालेच ३ महिन्यापर्यंत कैद नाही तर ५,००० पर्यंत दंड होऊ शकते. म्हणजे कागदानं मालकाचंच जास्त भलं आहे. काम ऑनलाइन होते, आधार अन् अंगठा लागते, दोन साक्षीदार नाही तं ओळख पटवणारे ठेवा. नोंदणी फी ग्रामपंचायत हद्दीत ५००, नगरपालिकेत १,०००. स्टॅम्प ०.२५ टक्के, ४,००० च्या खोलीले ११ महिन्याचे शंभर-सव्वाशे होते.

प्लॉट ९ काका: ठीक आहे, पण भाडेकरूनं किराया बुडवला तर?

सेतूवाला दादा: म्हणूनच तर लिहा काका. किराया कोणत्या तारखेले, खाली कराची नोटीस किती दिवसाची, डिपॉझिट किती दिवसात परत, रंगाचे अन् भोकाचे पैसे कोण देणार, सगळं. भांडण झालं म्हणून पाणी-लाइट तोडता येत नाही, त्याच कायद्याचं कलम २९ आहे. किरायाची पावती देणंही मालकावर बंधनकारक आहे.

अंगणवाडी ताई: दादा लय आभार. मालक म्हणते पोलिसात माहिती द्याची गरज नाही, ओळखीची आहे.

मेडिकल दादा: द्याच ताई, ऑनलाइनही भरता येते. अन् भिंतीचे, नळाचे, दरवाज्याच्या कडीचे फोटो तारखेसहित ठेवा, मुख्य म्हणजे आतली कडी नीट लागते का ते पोरीनंच लावून पाहावं. स्लॅबले ओलीचे डाग दिसले तर पावसाळ्यात कुठं गळते ते शेजाऱ्याले विचारा, मालकाले नाही.

गुरुजी: कलम ५५.

प्लॉट ९ काका: समजलं गुरुजी. ताई, खोली माझ्या साळ्याची आहे, मी बोलतो त्याच्याशी. १०,००० डिपॉझिट, करार सेतूत, खर्च अर्धा अर्धा. तुम्ही उद्या सकाळी ७ वाजता नळाच्या टायमाले पोरीले घेऊन या.

अंगणवाडी ताई: येतो काका 🙏

प्लॉट १२ काकू: येता येता माझ्या दारातलं पाणीही पाहून घ्या.