दहावीच्या सुटीत पोरांना पगारी काम की फुकट सेवा?

गल्लापेटी (धागाकर्ता)
दहावीचा शेवटचा पेपर मार्चमध्ये सुटतो, अकरावीचा वर्ग भरायला जुलै-ऑगस्ट उजाडतो. या मधल्या काळात पोराला पगाराचंच काम द्यावं, फुकटचा 'अनुभव' नको, असं माझं स्पष्ट मत. ज्याला पैसे मोजायचे त्याला मालक काम शिकवतो. फुकट आलेल्याच्या हातात झाडू नाहीतर चहाची किटली.

वय १४ पूर्ण हवं. तीन गोष्टी तयार ठेवा: पंधरा पूर्ण झाल्यावर ठसे अपडेट केलेलं आधार, जन्मदाखला, आणि पोराच्या नावाचं बचत खातं. दहा वर्षांवरच्या मुलाला खातं स्वतः चालवता येतं. पगार खात्यावरच घ्या. रोखीचा पगार हमखास 'पुढच्या आठवड्यात' असतो.

वह्या-पुस्तकांच्या दुकानांना मे अखेरपासून माणसं लागतात. शाळेच्या यादीप्रमाणे इयत्तावार संच बांधायचे, कव्हरं घालायची. विचारायला एप्रिलमध्येच जा, आणि तेही दुपारी दोन ते चारच्या दरम्यान. जूनमध्ये गेलात तर मालक मान वर करत नाही.

कलम सात
कायदा अर्धाच सांगितलात. १९८६ च्या बालकामगार कायद्यात २०१६ मध्ये दुरुस्ती झाली आणि १४ ते १८ वयाच्या मुलांसाठी कामाच्या वेळा बांधल्या गेल्या. सलग तीन तासांपेक्षा जास्त काम नाही, मग किमान तासभर विश्रांती, आणि विश्रांती धरून सगळं सहा तासांत. संध्याकाळी ७ ते सकाळी ८ काम बंद. ओव्हरटाइम नाही, एका दिवशी दोन ठिकाणी नोकरी नाही, आठवड्याची सुटी हवीच.

आता बाजारात बघा. गिऱ्हाईक सातनंतर येतं. म्हणजे मालक एक तर नको म्हणतो, नाहीतर हजेरीपुस्तकात नाव न घालता ठेवून घेतो. नावच नसेल तर पगार बुडाल्यावर पोरगा कुठल्या कागदावर भांडणार?

दिवाळीत तर पोरांना पहिली 'नोकरी' फटाक्यांच्या स्टॉलवर मिळते. फटाक्यांची विक्री धोकादायक कामांच्या यादीत आहे, १८ पर्यंत मनाई. डिलिव्हरीचं नावच काढू नका. सोळा पूर्ण झाल्यावर परवाना मिळतो तो ५० सीसीपर्यंतच्या बिनगियरच्या गाडीचा. त्यापुढची गाडी पोराच्या हातात सापडली तर पालकाला २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद, गाडीची नोंदणी वर्षभर रद्द आणि पोराला पंचविशीपर्यंत परवाना नाही. त्यापेक्षा सेवा परवडली.

गल्लापेटी
सातनंतर गल्ल्यावर उभं करा असं कोण म्हणतंय? दुकानाचं निम्मं काम गिऱ्हाईक नसतानाचं असतं. माल उतरवून मोजणं, बिलाशी ताळा घालणं, जुना माल पुढे आणि नवा मागे लावणं. ११ ते २, तासभर सुटी, मग ३ ते ५. पाच तास काम झालं, कायदाही पाळला. मालकाकडे 'काही काम आहे का' असं न विचारता ही वेळ सांगून विचारा. चार दुकानांतला एक तरी हो म्हणतो.

रिकामा बाक
कलम सात, सेवा परवडली म्हणताय, पण कुठली? बऱ्याच संस्थांना पंधरा वर्षांच्या पोरांचं काय करायचं तेच कळत नाही. एक सकाळ, हातात खराटा, फोटो, प्रमाणपत्र. जाण्याआधी विचारा: काम कोण शिकवणार, किती दिवसांचं आहे, आणि आम्ही आलो नाही तर कुणाचं अडेल? तिसऱ्याला उत्तर नसेल तर घरी बसलेलं बरं.

खरोखर अडतं ते लेखनिकावाचून. अंध विद्यार्थ्याला लेखनिक खालच्या इयत्तेतला लागतो. दहावीच्या पेपराला नववीतलाच पोरगा उपयोगी, बीएची ताई नाही. परीक्षेआधी किमान दोन सराव पेपर जोडीने सोडवा. सांगणाऱ्याचा वेग आणि लिहिणाऱ्याचा हात जुळायला तेवढं लागतंच, भूमितीची आकृती बोलून काढायला तर जास्तच. उत्तर सुचवायचं नाही, व्याकरणही आपणहून सुधारायचं नाही. सगळ्यात मोठा घोळ म्हणजे पेपराच्या सकाळी लेखनिकाला ताप येणं. दुसरा राखीव ठेवाच.

भाकरीचा हिशोब
सेवा छान आहे, पण कुणाच्या पोराला? एनएसएसचे (राष्ट्रीय सेवा योजनेचे) वर्षाला १२० तास, दोन वर्षांचे २४०. ज्या घरात सुटीतल्या पगारावर अकरावीची फी ठरते, तिथे बसभाडंसुद्धा खर्च आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली, तिथली पोरं राबून शिकली. त्या राबण्याला कुणी कमी लेखलं नाही. कर्मवीरांच्या नावाची 'कमवा आणि शिका' योजना आज कॉलेजात गेल्यावर मिळते. दहावीनंतर शाळाच सुटली त्याचं काय?

त्याच्यासाठी शिकाऊ उमेदवारी (अप्रेंटिसशिप) आहे. १९६१ चा कायदा, वय किमान १४, धोकादायक उद्योगात १८. २०१९ च्या नियमांत दहावी पास उमेदवाराला महिन्याला किमान ६,००० रुपये विद्यावेतन ठरलं. करारावर पालकाची सही लागते. हे सुटीपुरतं नाही, पूर्णवेळ आहे, आणि ज्यांना गरज आहे त्यांना शाळेत कुणी सांगतच नाही.

कलम सात
उमेदवारीबद्दल मान्य, तिथे सगळं कागदावर असतं. दुकानदार मात्र साध्या कागदावर 'सहा महिने सोडणार नाही' असं लिहून घेतात. १८ खालच्याशी केलेला असा करार १८७२ च्या कायद्याने मुळातच पोकळ. त्याला घाबरू नका, पण शाळा सोडल्याचा मूळ दाखला मालकाकडे ठेवू नका. झेरॉक्स द्या. अकरावीच्या प्रवेशाला नेमका तोच लागतो, आणि नेमका तेव्हाच मालक 'गावाला' असतो.

गाळा नंबर नऊ
एवढा वेळ सगळे 'पोरगा, पोरगा' लिहिताहेत. मुलीला पाठवत असाल तर पगाराआधी स्वच्छतागृहाचं विचारा. बाजारपेठेतल्या कित्येक गाळ्यांना ते नसतं. मुली दिवसभर पाणी पीत नाहीत, आठवड्यात आजारी पडून काम सोडतात, आणि मालक पुढच्या मुलीला सांगतो, मुली टिकत नाहीत.