मदत हवी आहे: क्वांटम इन्फॉर्मेशन रिसर्च प्रोग्राम, एसओपी अडलाय (अर्जंट)

अर्धा_क्युबिट:
चार दिवस उरलेत. एसओपी (अर्जासोबतचं उद्देशपत्र) चौथ्यांदा लिहितोय, पहिल्या परिच्छेदापुढे गाडी सरकत नाही. बीबी84 चं (एकेका फोटॉनने गुप्त किल्ली पाठवायची क्वांटम पद्धत) सिम्युलेशन केलंय, ते कुठे घालू? आणि सर म्हणतात शिफारसपत्र तूच लिहून आण, मी सही करतो. चालतं का? लवकर सांगा प्लीज.

निवांत:
कुठला प्रोग्राम? कितवं वर्ष? फिजिक्स की कॉम्प्युटर? अर्धी माहिती द्यायची आणि वर लवकर सांगा.

अर्धा_क्युबिट:
शीर्षकात लिहिलंय की. तिसरं वर्ष.

निवांत:
शीर्षकात नुसतं "रिसर्च प्रोग्राम" आहे, भाऊ.

किस्किटवाला:
कुठलाही असू दे, किस्किट शिक, क्वांटम सर्किट लिहायचं आयबीएमचं सॉफ्टवेअर. आयबीएमने 2016 मध्येच क्वांटम संगणक क्लाउडवर खुला केला. त्यावर सर्किट चालव, आलेख एसओपीत टाक. माझं तेवढ्यावर काम झालं.

मिलिकेल्विन:
चार दिवसांत काय डोंबल शिकणार तो? कॅनडातल्या वॉटरलू विद्यापीठाचा युसेक्विप (USEQIP) असेल तर त्यातला ई एक्स्पेरिमेंटलचा आहे. दोन आठवडे, व्याख्यानांच्या जोडीला प्रयोगशाळा. तिथे "लहानपणापासून विश्वाच्या गूढाचं आकर्षण" लिहू नकोस म्हणजे झालं.

अर्धा_क्युबिट:
तोच. अजून दोन आहेत. पहिलं वाक्य तेच आहे माझं :(

अवांतरबुवा:
विषय निघालाच आहे म्हणून. 2022 चं नोबेल आस्पे, क्लाउझर, झायलिंगर यांना एन्टँगलमेंटवर (दूरच्या कणांची मोजमापं एकमेकांशी जुळणं) मिळालं, म्हणजे प्रकाशापेक्षा वेगाने संदेश धाडता येतो हे सिद्धच झालं ना?

मिलिकेल्विन:
नाही! टेलिपोर्टेशनलासुद्धा, म्हणजे कणाची क्वांटम अवस्था दूर पोचवायला, एका क्युबिटमागे (क्वांटम बिटमागे) दोन साधे बिट नेहमीच्या वाटेने पाठवावे लागतात. वेगळा धागा काढा.

अवांतरबुवा:
विचारायचीही चोरी.

कसोटी_ताई:
पत्र स्वतः लिहू नकोस. बऱ्याच ठिकाणी लिंक थेट सरांच्या मेलवर जाते, सही करून तुझ्या हातात द्यायचा प्रश्नच येत नाही. सरांना एक पान मुद्दे दे: काय केलंस, कुठे अडलास, कसा सुटलास. पत्र त्यांना लिहू दे.

किस्किटवाला:
ताई, सगळे सर असंच करतात. व्यवहार बघा जरा.

कसोटी_ताई:
सगळे करत नाहीत. मीही पत्रं लिहिते. विद्यार्थ्याने स्वतःच लिहिलेलं पत्र दोन ओळींत ओळखू येतं. असो. अर्धा_क्युबिट, ईव्ह, म्हणजे मध्येच चोरून ऐकणारी, घातली होतीस का सिम्युलेशनमध्ये? प्रत्येक फोटॉन अडवून, मोजून पुढे पाठवते अशी? चूक किती टक्के आली?

अर्धा_क्युबिट:
हो, घातलीय. 37 च्या आसपास. पण ताई, माझा प्रश्न एसओपीचा आहे.

कसोटी_ताई:
तोच सांगतेय. 25 यायला हवी. पाठवणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा बेसिस (मोजायची दिशा) न जुळलेले बिट फेकलेस का?

मिलिकेल्विन:
नसणार. जुळलेल्यांत 25, न जुळलेल्यांत निव्वळ छापा-काटा म्हणजे 50. सरासरी 37.5. सरांनी पाहिलं नव्हतं का हे?

अर्धा_क्युबिट:
सर म्हणाले छान आहे.

निवांत:
हेच सर पत्रावर सही करणार?

अर्धा_क्युबिट:
कोडमध्ये न जुळलेले बिट चाळायची ओळच राहिली होती. आता 24.8 आलं. रिपोर्टमध्ये 37 छापून सबमिट केलंय, त्याचं काय करू?

कसोटी_ताई:
एसओपी तिथून सुरू कर. 37 का आलं, 25 कसं झालं. विश्वाचं गूढ काढून टाक.

किस्किटवाला:
आणि तेच किस्किटवर चालवून बघ.

अर्धा_क्युबिट:
दुसऱ्या एका मॅडमना पत्रासाठी मेल टाकलाय. चार दिवस कमी आहेत का हो त्यांना?

निवांत:
कुठल्या विषयाच्या मॅडम?